राजेशच्या नावाचं पान

म्हाळाच्या दिवशी घरात आवाज चढवायचा नाही, ही सासूची, मालनची ताकीद घाडींच्या दोन्ही सुनांना लग्नापासून पाठ होती. पितृपक्षात वाडवडील जेवायला येतात, त्यांना भांडणं ऐकवून उपाशी पाठवायचं काय, असं ती म्हणायची. पण लताने यंदा मनाशी पक्कं केलं होतं. धाकटा दीर आणि जाऊ सबंध दिवस बोरिवलीला सापडायचे ते याच दिवशी. एरवी सुबोध यायचा तो घड्याळाकडे बघत, वडिलांच्या, अण्णांच्या खोलीत डोकवायचा, ‘बरे दिसतायत हां’ म्हणायचा आणि निघायचा. दुरून डोंगर साजरे, तसे मुलुंडहून अण्णा साजरे.

कुकरात काळे वाटाणे शिजत होते. लता वडे थापत होती आणि दीप्ती खीर ढवळत होती.

“राजेशभाईंच्या टेस्टचं सुबोध म्हणाला मला,” दीप्ती म्हणाली. “ब्लॉकेज वगैरे नाही ना निघालं? मग सुटलो म्हणायचं.”

“कसले सुटलो, डोंबल! त्या चालायच्या मशीनवरून दुसऱ्या टप्प्यातच उतरवायला लागलं ह्यांना. अपूर्वा तिथेच होती ना ड्युटीवर. घरी येऊन पोरगी बाथरूममध्ये नळ सोडून रडली.”

“मग डॉक्टरांनी औषध काय दिलं?”

“चालायला दिलंय. रोज सकाळी, भराभर, दम लागेस्तोवर. आता नॅशनल पार्कचं गेट आमच्या नाकासमोर आहे. अख्खी बोरिवली तिथे चालायला येते. आणि आमचे हे? सकाळी अण्णा, मग साकीनाक्याला कंपनीत दिवसभर खुर्ची, परत येईस्तोवर भाकरीची वेळ. चालणार कधी, स्वप्नात?”

दीप्तीने मान हलवली, पण अण्णांची सकाळ तिने कधी बघितलेली नव्हती. ती बघितलेल्या माणसालाच कळायची. अण्णा, म्हणजे दत्ताराम, पहाटे उठायचा आणि त्याला मिलला जायचं असायचं. मिलच्या जागी काचेचे टॉवर उभे राहून जमाना झाला होता, तरी त्याच्या डोक्यात पहिल्या पाळीचा भोंगा रोज वाजायचा. दार उघडलं नाही की तो हात उगारायचा. मालनच्या मनगटात त्याने नखं रुतवली होती आणि लताच्या अंगावर तांब्या फेकला होता. थोरल्या मुलाचं, एकट्या राजेशचं तो ऐकायचा, कारण राजेश त्याला राजेश वाटतच नव्हता. तो त्याला दादू वाटायचा. दादू म्हणजे दत्तारामचा पाठचा भाऊ, संपाच्या वर्षी काविळीने गेलेला.

सुरुवातीला राजेश ‘अण्णा, मी राजेश’ म्हणून समजावत बसायचा आणि म्हातारा घर डोक्यावर घ्यायचा. मग एके दिवशी कंटाळून राजेश म्हणाला, ‘व्हय दत्तादादा, मी दादू. आज मिलाक सुट्टी आसा.’ म्हातारा एकदम गप झाला. त्याने अंघोळ करून घेतली, दाढी करून घेतली, चहात खारी बुडवून खाल्ली. त्या दिवसापासून राजेश रोज सकाळी दादू होऊ लागला आणि घराने सुटकेचा निःश्वास टाकला. एवढंसं खोटं बोलून कोणाचं काय जात होतं?

“वहिनी, खरं सांगू?” दीप्ती आवाज खाली आणून म्हणाली. “अण्णा-आई आमच्याकडे आले तर मला चालेल. माझ्या बाबांची खोली रिकामीच आहे ते गेल्यापासून. पण सुबोधला तुम्ही विचारा. मी विचारलं तर दोन दिवस तो माझ्याशी बोलणार नाही.”

लताला जावेकडून एवढी अपेक्षा नव्हती. लग्नानंतर पहिल्याच म्हाळाला दीप्तीने काळ्या वाटाण्यांना ‘हे चणे आहेत का’ विचारलं होतं, आणि त्यावरून लताने वर्षानुवर्षं तिची टर उडवली होती. आज तिला त्याची जरा लाज वाटली.

“विचारते,” ती म्हणाली. “आत्ताच विचारते. पानं वाढायच्या आधी.”

बाहेरच्या खोलीत अपूर्वा खिडकीपाशी केळीची पानं पुसत होती. कामाच्या ठिकाणी ती दिवसभर लोकांच्या छातीला तारा चिकटवायची आणि चालायच्या मशीनच्या पट्ट्यावर चढवायची. ‘काका, दांडा घट्ट धरू नका, समोर बघा,’ हे वाक्य ती झोपेतही म्हणू शकली असती. बाबांना मात्र तिला ते म्हणता आलं नव्हतं. पट्ट्याचा चढ वाढला तसे त्यांनी दोन्ही हातांनी दांडा आवळला होता, ओठ पांढरे पडले होते, आणि तिच्याकडे बघून त्यांनी लहान मुलासारखी नकाराची मान हलवली होती. त्याच दिवशी सकाळी एक निवृत्त मास्तर तिसरा टप्पा पार करून, वर जोक मारून गेले होते.

समोर सुबोध भावाच्या पोटाकडे बघत होता. “भाई, हे काय रे? मागच्या वेळेपेक्षा वाढलं की. कंट्रोल कर यार.”

“करतो, करतो,” राजेश हसून म्हणाला. तो नेहमीच हसून म्हणायचा. दत्ताराम त्याच्याशेजारी धुतलेला सदरा आणि टोपी घालून बसला होता आणि त्याचा हात राजेशच्या गुडघ्यावर होता.

लता हात पुसत बाहेर आली. “सुबोधभावजी, एक बोलायचं होतं.”

“लता,” देवापाशी वाती वळणाऱ्या मालनने मान वर केली नाही. “पानां वाढल्याशिवाय काय एक नको.”

“नाही आई, आत्ताच. जेवल्यावर भावजी पेंगतात आणि मग निघतात.” तिने पदर खोचला. “भावजी, अण्णांना सहा महिने तुम्ही न्या. ह्यांना सकाळी चालायला वेळ पाहिजे. डॉक्टरांनी सांगितलंय.”

सुबोध क्षणभर गोंधळला. मग त्याने ऑफिसातला आवाज काढला. “वहिनी, त्यापेक्षा चांगला माणूस ठेवूया ना. खर्च मी बघतो.”

“ठेवले होते की. एकाचा चष्मा फोडला अण्णांनी, दुसरा दुपारी जेवायला म्हणून गेला तो आलाच नाही.”

“पण माझ्याकडे कसं जमणार? जानेवारीत मॅरेथॉन आहे. पहाटे माझी प्रॅक्टिस असते. ती चुकली की…”

“तुमची प्रॅक्टिस चुकली की मेडल जातं,” लता म्हणाली. “ह्यांची चुकली की काय जातं ते तुमच्या पुतणीला विचारा.”

“लता, पुरे,” राजेश म्हणाला. “मी काय लगेच मरत नाहीये.”

“मरायचं कोण बोलतंय बाबा?” अपूर्वाच्या हातातलं पान फाटलं. “मरण्याचं मी समजून घेईन. तुम्ही आजोबांसारखे व्हाल, त्याचं बोलतेय मी. काका, मी आमच्या डॉक्टर सरांना विचारलं ना, आजोबांचं असं का झालं. ते म्हणाले, एकच कारण कोणी सांगू शकत नाही. वय असतं, बीपी असतं, साखर असते. पण चाळिशी-पन्नाशीत ज्यांचं हृदय असं ढिलं पडलेलं असतं ना, त्यांच्यात पुढे हे जास्त दिसतं. मेंदूला रक्त तिथूनच जातं. आणि हे आत्ता सुधारता येतं, पंचाहत्तरीत नाही. घरात एक उदाहरण समोर बसलेलं असताना वाट कसली बघताय, असं विचारलं त्यांनी मला. मी काय सांगू? की उदाहरणालाच आंघोळ घालायची असते म्हणून वेळ नाही?”

उदाहरण राजेशच्या गुडघ्यावर बोटांनी ताल धरत होतं.

मालनला मात्र राग आला होता, आणि तो खराच राग होता. “तुझ्या डाक्टराक काय म्हायत गो? ह्या माणसान मिलात मागांच्या साच्यांत चाकरी केली. चार-चार साचे एकटो बघी. दिवसभर पाय जमिनीक लागत नसत.”

“आणि संपानंतर, आजी?”

मालनने हातातली वात पुन्हा वळायला घेतली. संपानंतर काय झालं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दत्तारामला अंधेरीच्या एका ऑफिसात लिफ्टमनची नोकरी लागली. छत्तिसाव्या वर्षी तो स्टुलावर बसला तो निवृत्त होईपर्यंत उठला नाही. व्यायामशाळेत जोर काढणारा माणूस बटणं दाबू लागला. संध्याकाळी घरी यायचा तो सुजलेले पाय घेऊन, आणि मालन कोमट पाण्याची बादली पुढे सरकवायची. तेव्हा कोणाला वाटलं होतं की हे पायांचं दुखणं कधी डोक्यात चढेल?

“पोटासाठी बसलो तो,” ती शेवटी म्हणाली. “तुमच्या काकाक आणि बापाशीक शिकवक बसलो. आणि आता त्येका घराभायर काढतात. चार पावलां चालाक व्हयी म्हणान! माझो घोव खय जावचो नाय.”

“आई, घराबाहेर नाही, आमच्या घरी,” दीप्ती दारातून म्हणाली.

सुबोधने बायकोकडे असं बघितलं की ती पुन्हा आत गेली.

राजेशलाही बोलायचं होतं. पट्ट्यावरून उतरल्यापासून त्याला एकच भीती वाटत होती, आणि ती मरणाची नव्हती. गेल्या आठवड्यात कंपनीत त्याला एका मालाचं नाव आठवलं नव्हतं. रोज हातातून जाणारा माल. वय झालं की होतं असं, कोणाचंही होतं, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. पण रात्री अंथरुणावर तो एकेक नाव आठवून बघायचा, शाळेतल्या बाकावरच्या पोरांची, चाळीतल्या शेजाऱ्यांची, आणि सगळी आठवली की मगच डोळे मिटायचा. हे त्याने लतालाही सांगितलं नव्हतं. सांगून करणार काय? उद्या पहाटे दत्तादादाला अंघोळ तर घालायचीच होती.

“बारा वाजत इले,” मालन म्हणाली. “चला, गाऱ्हाणा घाला.”

गाऱ्हाणं घालणं हा घाडींचा गावातला मान. देवाला आणि वाडवडिलांना मोठ्याने विनवायचं, आणि दर वाक्याला बाकीच्यांनी होकार भरायचा. दत्तारामला स्वतःच्या बायकोचं नाव आठवत नसलं तरी गाऱ्हाणं मुखोद्गत होतं. म्हणूनच दुसऱ्या कोणी घालायचं असं कोणाच्या मनातही आलं नाही. तो पानांसमोर उभा राहिला, टोपी सारखी केली, हात जोडले, आणि त्याचा आवाज जुन्यासारखा मोकळा झाला. दोन्ही मुलांना क्षणभर वाटलं, अण्णा परत आले.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्या लेकरांनी मिळान वाडवडलांच्या नावान जा काय पान वाढला हा, ता गोड मानून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“माझो आजो विश्राम, माझो बापूस गोविंद, माझी आवस सरस्वती, ह्येंका पोटभर जेवूक घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि माझो झील राजेश. कामाचो होतो, गुणाचो होतो, अर्ध्या वाटेर गेलो. तेकाय वाट दाखव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळे म्हणाले. जन्मापासूनची सवय, वाक्याचा शेवट ऐकायचा आणि ओरडायचं. लता म्हणाली, सुबोध म्हणाला, मालन म्हणाली, आणि सगळ्यांत मोठ्याने राजेश म्हणाला. मग एकेकाचे जोडलेले हात खाली आले.

मालनने कानांवर हात ठेवले. “काय केलंव रे,” ती पुटपुटली. “आमी व्हय म्हटला. सगळ्यांनी व्हय म्हटला.”

“आजी, त्यांच्या डोक्यात गोंधळ आहे,” अपूर्वा घाईने म्हणाली. तिला तो गोंधळ कळला होता आणि तो गोंधळ नव्हताच. दर वर्षी चौथं नाव दादूचं असायचं, चौथं पानही; यंदा म्हातारा बिथरू नये म्हणून ते मांडलं नव्हतं. यंदा दादू जिवंत होता, रोज सकाळी येऊन दाढी करत होता, आत्ता शेजारी उभा होता. मग राजेश गेला कुठे? कित्येक दिवसांत राजेश नावाचं कोणी म्हाताऱ्याला भेटलंच नव्हतं. बापाने त्याच्या परीने हिशेब लावला होता.

दत्ताराम पानांकडे बघत होता. “राजेशाचा पान खय?” त्याने विचारलं. “पान कमी हा.”

“अण्णा, बसा. झालं सगळं,” सुबोध त्याच्या खांद्याला धरून म्हणाला.

“हात लावू नको! माझ्या झिलाचा पान खय?” दत्तारामने त्याला ढकललं. समई हलली. “त्येका उपाशी धाडतास? सगळ्यांका वाढलास आणि माझ्या पोराक नाय?” त्याचा आवाज फाटला आणि तो रडू लागला, छाती पिटून. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला.

राजेश वाकला. त्याने ढिगातलं एक पान ओढलं आणि पाणी मारलं.

लताने त्याचं मनगट धरलं. “खबरदार! तुमचं पान तुम्ही वाढणार? वेड लागलंय का सगळ्यांना?”

“सोड लता. अण्णा पडतील. पडले तर खुबा मोडेल, मग काय करशील?”

“पडू देत!” ती ओरडली आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

राजेशने पान मांडलं. भात वाढला, वाटाण्याची उसळ वाढली, दोन वडे, खीर. हात स्थिर होता. रोज सकाळी जे करायचं तेच तो करत होता, म्हाताऱ्याला गप्प करत होता. दत्ताराम हुंदके देत बघत राहिला, आणि पान भरल्यावर त्याने राजेशच्याच खांद्यावर डोकं टेकलं.

वाढलेली पानं कावळ्यासाठी गच्चीवर ठेवायची होती. दोघे भाऊ परातींत पानं घेऊन निघाले. लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंतच होती, पुढे गच्चीचा एक जिना. सुबोध वर पोहोचला आणि मागे वळून बघतो तो राजेश अर्ध्यावर कठडा धरून उभा होता. परात त्याने पायरीवर ठेवली होती. श्वास घ्यायला तो तोंड उघडत होता आणि तरीही हसायचा प्रयत्न करत होता.

सुबोध खाली आला, परात उचलली. त्याला भावाचं ते हसणं बघवेना. लहानपणी याच भावाने त्याला खांद्यावर बसवून चाळीचे चार मजले चढवले होते.

गच्चीत ऊन होतं. टाकीच्या कठड्यावर त्यांनी पानं मांडली. पलीकडे पार्काचं जंगल पसरलं होतं, आणि त्या जंगलाच्या पलीकडे मुलुंड.

“भाई, मी का पळतो माहितीय?” सुबोध म्हणाला.

“मेडलं मिळतात.”

“मेडलं गेली खड्ड्यात. अण्णा शर्टाची बटणं लावता लावता रडले होते ना, आठवतं? कुठलं बटण कुठल्या काजात तेच कळेना. त्याच आठवड्यात मी बूट घेतले. मी त्यांच्यापासून पळतो रे. रोज पहाटे. आणि तेच माझ्या घरात येऊन बसले तर मी पळू कुठे? मला घाण वाटते माझी, पण मला नाही बघवत त्यांना. मला त्यांच्यात मी दिसतो.”

राजेशने वाऱ्याने हललेलं एक पान सारखं केलं. मग त्याने विचारलं, “आणि माझं काय?”

एवढ्या वर्षांत त्याने हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता.

कावळा आला तो कठड्याच्या टोकावर बसला. आज्याच्या पानाकडे त्याने बघितलंही नाही. तीन पानं ओलांडून तो सरळ शेवटच्या पानावर आला आणि राजेशच्या नावाचा वडा चोचीत धरून उडाला.

सुबोध इंजिनीअर होता, त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी त्याने राजेशचा हात धरला. “मी नेतो अण्णांना,” तो म्हणाला. “आजच नेतो. तू उद्यापासून चालायला लाग. शप्पथ घे माझी.”

“वडा आहे तो,” राजेश म्हणाला. “खीर कशी नेणार चोचीत? म्हणून वडा नेला.” पण त्याचा चेहरा उतरला होता.

खाली वेगळंच चाललं होतं. मालनने पिशवीत दत्तारामचे लेंगे कोंबले होते, औषधांचा डबा घातला होता, आणि स्वतःची दोन लुगडी वर ठेवत होती. ज्यांना ती तासाभरापूर्वी मुलाने बापाला बाहेर काढू नये म्हणून बोलत होती, त्यांनाच आता घाई करत होती.

“सुबोधा, ह्येका आजच्या आज न्हे. मी पण येतंय. जित्या पोराचा पान वाढला ह्या घरात. आता ह्यो बापूस आणि ह्यो झील एका छपराखाली ऱ्हवता नये.”

लताला हवं होतं ते झालं होतं. ज्यासाठी ती भांडली ते सासूने पिशवीत भरून दारात आणून ठेवलं होतं. डॉक्टरचं म्हणणं जिथे चाललं नाही तिथे अपशकुन चालला, हे तिला कळत होतं, पण काम झाल्याशी मतलब. आनंद मात्र तिला होईना. सासूने पिशवीला बांधलेली गाठ ती बघत राहिली. मग तिने मुकाट्याने वड्यांचा डबा भरला आणि दीप्तीच्या हातात दिला.

“सकाळी चहात खारी लागते त्यांना,” ती म्हणाली. “कोमट चहा. गरम दिलात तर फेकतात.”

“वहिनी, मी बघेन,” दीप्ती म्हणाली. दोघींनी एकमेकींचा हात जरा जास्त वेळ धरला.

गाडीपर्यंत दत्ताराम आनंदाने आला. गावाला जायचंय असं त्याला सांगितलं होतं. सुबोधने मागचं दार उघडलं, मालन आधी आत जाऊन बसली. दत्तारामने एक पाय आत टाकला आणि थांबला.

“दादू खय?”

“अण्णा, बसा ना. मागून येतोय तो,” सुबोध म्हणाला.

“दादू येतलो तर मी येतलंय.” त्याने दाराची कड पकडली. सुबोधने बोटं सोडवायला हात लावला तसा त्याने कोपर मारलं. ते सुबोधच्या ओठाला लागलं आणि रक्त आलं. वॉचमन धावत आला. वरच्या खिडक्यांतून माणसं बघू लागली.

राजेश पुढे झाला. अपूर्वाने त्याची बाही पकडली.

“बाबा, आता खरं सांगा त्यांना. आज पुन्हा दादू झालात तर उद्या सकाळी मुलुंडलाही तुम्हीच लागाल. मग काय उपयोग या सगळ्याचा? एकदाच सांगा. रडतील, ओरडतील, पण काकाबरोबर राहायची सवय होईल त्यांना. प्लीज बाबा.”

राजेशने तिच्याकडे बघितलं. पोरगी खरं बोलत होती. ती त्याच्यासाठी, फक्त त्याच्यासाठी भांडत होती, आणि त्याच्या आयुष्यात असं फार लोकांनी केलं नव्हतं. तो बापासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने म्हाताऱ्याचे दोन्ही हात हातात घेतले.

“अण्णा,” तो म्हणाला. “माझ्याकडे बघा. मी दादू न्हय. मी राजेश. तुमचो झील. माका काय एक झाला नाय.”

दत्तारामने बघितलं. खूप वेळ बघितलं. त्याचा चेहरा हळूहळू मऊ झाला आणि डोळे भरून आले. ओळखलं, राजेशला वाटलं. ओळखलं मला.

म्हाताऱ्याने त्याच्या गालावर हात ठेवला.

“दादू, बाबा,” तो अगदी हळू म्हणाला, जसं लहानाला सांगावं तसं. “तुका कोणी सांगूक नाय? राजेश गेलो रे.”

सुबोध ओठाला रुमाल लावून उभा होता. अपूर्वाने तोंड फिरवलं.

समोरचा माणूस रडत होता आणि त्याचं दुःख खरं होतं. त्याला जवळचं दुसरं कोणी नव्हतं.

“कसो गेलो, दत्तादादा?” त्याने विचारलं.

“बसल्या जाग्यार गेलो,” दत्ताराम म्हणाला. “मी हाक मारतंय, ऊठ रे, ऊठ रे म्हणतंय. तो उठाकच नाय.” त्याने राजेशचा हात घट्ट धरला. “तू माका सोडून जाव नको हां.”

“नाय जाणार,” राजेश म्हणाला आणि त्याच्याआधी गाडीत शिरला.

सुबोधने गाडी चालू केली. आरशातून त्याने भावाकडे बघितलं आणि उद्या सकाळचं विचारायला तोंड उघडलं, पण विचारलं नाही. मागे बाप गेलेल्या मुलासाठी हमसून हमसून रडत होता, आणि मुलगा त्याची पाठ चोळत होता.